कासवाचं पोट बिघडलंय, हे ओळखायचं कसं?

मुलांच्या हट्टापायी घरात आलेलं लाल कानाचं कासव दुखलं तरी ओरडत नाही. म्हणून त्याची विष्ठा पाहायची सवय आपण लावून घ्यावी. निरोगी कासवाची विष्ठा गडद आणि बांधीव असते. ती पातळ, फेसाळ, फार दुर्गंधी झाली, तिच्यात न पचलेलं अन्न, रक्त किंवा दोऱ्यासारखे जंत दिसले, तर आतड्यात बिघाड समजावा. सोबत खाणं सुटतं, डोळे खोल जातात, वजन घटतं. शेपटीखालून लाल मांस बाहेर आलं तर मात्र एक तासही थांबू नये.

थंडीत नुसत्या गारठ्यानेही कासव खात नाही. पाणी २४ ते २७ अंश सेल्सिअस हवं, शेकायची कोरडी जागा त्याहून उबदार. नाहीतर पचन मंदावतं. ते आधी तपासावं. जंतांची खात्री ताज्या विष्ठेच्या तपासणीनेच होते. डबीत घालून ती त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावी. घरचं औषध मुळीच नको. बकऱ्यांना जंतासाठी देतात ते आयव्हरमेक्टिन कासवाचा जीव घेतं.

आता आपल्या लेकरांचं. ठणठणीत कासवाच्या आतड्यातही साल्मोनेला जंतू असू शकतात. त्यापायीच अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांची विक्री बंद केली. टाकीचं पाणी भांडी घासतो तिथे ओतू नये, हात साबणाने धुवावेत. आम्ही वर्गातही हेच सांगतो. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर, आमच्या मते, कासव आणूच नये.