नोकरी सांभाळून डोंगर धावताना

पुण्याला टेकड्यांची कमतरता नाही. पर्वती, तळजाई, वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, रामटेकडी ही सारी शहराच्या आतच आहेत, आणि थोडे बाहेर पडले की कात्रज, बोपदेव घाट आणि सिंहगड आहे. या वाटांवर पहाटे चालायला जाणारे पूर्वीपासून होते. आता तिथे धावणारेही दिसतात. सातारच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेने जायचे आणि परत यायचे, असे २१ किलोमीटर असतात. सिंहगड, राजगड आणि तोरणा जोडणारी ५३ किलोमीटरची अल्ट्रा शर्यतही हिवाळ्यात होते; नवख्यांसाठी तिथे ११ आणि २५ किलोमीटरचे गट असतात. आपल्या वस्त्यांतली तरुण मुले-मुली, बँकेतले, दवाखान्यातले, कारखान्यातले नोकरदार अशा शर्यतींची नावे घेऊ लागले आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे.

पण इंटरनेटवर मिळणारी सरावाची वेळापत्रके बहुतेक वेळा मोकळा वेळ असलेल्या माणसासाठी लिहिलेली असतात. आपल्यातल्या अनेकांची ड्यूटी आठ-नऊ तासांची, वर येण्याजाण्याचे दोन तास. कुणी कंत्राटावर आहे, कुणाला भरपगारी रजाच नाही. अशा माणसाचा पाय मुरगळला तर शर्यत चुकते आणि त्या आठवड्याचा पगारही कापला जातो. ज्या पायांवर घर चालते त्याच पायांनी डोंगर चढायचा आहे, हे धरूनच आम्ही पुढची माहिती देत आहोत.

हा खेळ कष्टकऱ्यांचाच

डोंगर धावण्याची मोठी परंपरा उत्तर इंग्लंडमध्ये आहे. तिथल्या बोडक्या डोंगरांना 'फेल' म्हणतात आणि त्यावरच्या धावण्याला 'फेल रनिंग'. या खेळातली मोठी नावे पाहिली तर ती पोटापाण्यासाठी राबणाऱ्या माणसांची आहेत. केझिक गावात छोटे अतिथिगृह चालवणाऱ्या बॉब ग्रॅहम यांनी १९३२ साली २४ तासांच्या आत ४२ शिखरे पायाखाली घातली. तो मार्ग पुरा करणे ही आजही तिथे मानाची गोष्ट आहे. वॉझडेल खोऱ्यातले मेंढपाळ जॉस नेलर यांनी १९७५ साली एका दिवसात ७२ शिखरे केली. मेंढ्या राखणे, कुंपणे बांधणे ही त्यांची रोजची कामे कधी सुटली नाहीत. म्हणजे नोकरीधंदा करणाऱ्याला हा खेळ जमत नाही असे नाही. रोजचे काम आणि सराव यांचा हिशेब मात्र एकाच वहीत मांडावा लागतो.

कामाचे श्रमही सरावात धरा

शरीराला 'ही ड्यूटी' आणि 'हा व्यायाम' असा भेद कळत नाही. दोन्हींचा थकवा एकाच खात्यावर जमा होतो. म्हणून सुरुवातीला आपले काम कोणत्या प्रकारचे आहे ते पाहावे.

सफाई कामगार, परिचारिका, सुरक्षारक्षक, दुकानातले विक्रेते, घरपोच सामान देणारे यांच्या पोटऱ्या आणि टाचा दिवसभर राबत असतात. त्यांनी आठवड्यात धावण्याचे दिवस तीनच ठेवावेत. कामावरून आल्यावर दहा मिनिटे पाय भिंतीला उंच टेकवून पडावे. सकाळी उठल्यावर पहिली पावले टाकताना टाच दुखत असेल तर त्या दिवशी चढ टाळावा.

बैठे काम करणारे, वाहनचालक, संगणकावर बसणारे यांची अडचण उलटी. तासन्‌तास बसल्याने खुब्याच्या पुढचे स्नायू आखडतात आणि कुल्ल्यांचे स्नायू आळसावतात. चढावर शरीर वर ढकलण्याचे मोठे काम हेच कुल्ल्यांचे स्नायू करतात. ते कमी पडले की भार गुडघ्यावर आणि कमरेवर येतो. अशांनी तासातून एकदा खुर्चीवरून उठावे आणि घरी आठवड्यातून दोनदा बैठका, एका पायावर उभे राहणे, पायरीवर चढ-उतार असा वीस मिनिटांचा व्यायाम करावा.

घरातले आणि बाहेरचे असे दोन्ही काम करणाऱ्या महिलांचा भार यांहून जास्त असतो. पहाटेचा एक तास त्यांना मिळायचा असेल तर स्वयंपाक, पाणी, मुलांचे डबे हे काम घरातल्यांनी वाटून घेतले पाहिजे.

चढ आणि उतार शरीरात काय करतात

सपाट रस्त्यावर किलोमीटर मोजतात, डोंगरावर मिनिटे आणि चढाची उंची मोजावी. सिंहगडाची उंची समुद्रसपाटीपासून १३१२ मीटर आहे. आतकरवाडीहून जाणारी पायवाट जेमतेम पावणेतीन किलोमीटरची, पण तेवढ्यात सुमारे ६०० मीटर चढ आहे. एका मजल्याची उंची तीन मीटर धरली तर हा दोनशे मजल्यांचा जिना झाला. इथे सगळी वाट धावायचा हट्ट धरू नये. उभ्या चढावर हात मांडीवर टेकवून झपझप चालणे हे निष्णात धावपटूही करतात, आणि त्यात दम वाचतो.

चढ फुप्फुसांची परीक्षा घेतो, तर उतार स्नायूंची. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचे वजन रोखून धरतात. त्यात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. म्हणून गडावरून आल्यावर त्या दिवशी बरे वाटते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना पाय धरतात. ही इजा भरून येताना स्नायू शिकतात, आणि पुढचे काही आठवडे तेवढाच उतार त्यांना कमी त्रास देतो.

यातून नोकरदाराने दोन गोष्टी घ्याव्यात. शर्यतीआधी उताराचा सराव थोडा-थोडा करून अनेकदा झालेला असावा. आणि मोठा उतार अशा दिवशी ठेवावा की त्यानंतरचे दोन दिवस उभ्याने काम कमी असेल. उतरताना पावले छोटी आणि जलद टाकावीत, गुडघा किंचित वाकलेला ठेवावा, नजर तीन-चार पावले पुढे असावी. टाच आपटत लांब ढांगा टाकल्या की गुडघे बोलू लागतात.

आठवड्याची मांडणी

सकाळी नऊ ते सहा ड्यूटी आणि रविवारची सुट्टी असेल तर पाच तासांत आठवडा असा बसवता येतो.

सोमवार: पूर्ण विश्रांती.

मंगळवार: ४० मिनिटे सपाटीवर हळू धावणे. बरोबरच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता येईल, इतकाच वेग.

बुधवार: घरी २० मिनिटे पायांचा आणि पोटाचा व्यायाम.

गुरुवार: ४० मिनिटे चढाचा सराव. जोरात चढायचे, सावकाश उतरायचे, असे सहा ते आठ वेळा. पर्वतीच्या पायऱ्या यासाठी उत्तम. याच पर्वतीच्या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून १९२९ साली आपल्या माणसांनी सत्याग्रह केला होता, हे मुलांना सोबत नेऊन सांगावे.

शुक्रवार: विश्रांती किंवा साधे चालणे, आणि २० मिनिटे घरचा व्यायाम.

शनिवार: ३० मिनिटे हळू धावणे. आठवडा जड गेला असेल तर सुट्टी.

रविवार: दीड ते अडीच तास टेकडीवर किंवा गडावर. तळजाई, वेताळ टेकडी इथून सुरुवात करून दीड-दोन महिन्यांनी सिंहगड.

येरवडा, दापोडी, ताडीवाला रस्ता अशा भागांतून टेकडी लांब पडते. त्यांनी गुरुवारचा सराव इमारतीच्या जिन्यावर करावा. चार मजल्यांचा जिना दहा वेळा चढला की सुमारे १२० मीटर चढ होतो, आणि बसभाडे लागत नाही. रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत पीएमपीची बस मिळते.

तीन आठवडे रविवारचा वेळ दहा-पंधरा मिनिटांनी वाढवावा आणि चौथ्या आठवड्यात तो निम्मा करावा. हा हलका आठवडा चुकवू नये, कारण ताकद विश्रांतीतच भरते. जो महिनाभर नियमाने चालतो आहे त्याला ११ किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीसाठी अशी तीन-चार महिन्यांची तयारी पुरे होते.

पाळी बदलत असेल तर वार धरू नयेत, क्रम धरावा: एक जड दिवस, मग एक-दोन हलके दिवस. रात्रपाळी करून थेट टेकडीवर जाऊ नये. झोप न झालेल्या माणसाचा तोल आणि अंदाज दोन्ही ढळतात, आणि खडकाळ उतारावर त्याची किंमत घोट्याला मोजावी लागते. आधी झोपावे, मग संध्याकाळी हळू धावावे. सहा तासांहून कमी झोप झाली असेल तर त्या दिवशी जोराचा सराव रद्द करावा.

वीणेची तार

अतिश्रमाबद्दल विनयपिटकातली सोण भिक्खूंची कथा धावणाऱ्यांनी जरूर लक्षात ठेवावी. सुखात वाढलेल्या सोणांनी चंक्रमण करता करता पायांतून रक्त काढले, आणि तरी मन हवे तिथे पोहोचले नाही म्हणून ते निराश झाले. तथागतांनी त्यांना त्यांच्याच जुन्या वीणेची आठवण दिली. तार फार ताणली तर सूर लागत नाही, फार सैल सोडली तरीही लागत नाही. पुढे तथागतांनी त्यांना पादत्राण वापरायची परवानगी दिली, तेव्हा ती साऱ्या संघाला मिळणार असेल तरच घेईन, असे सोण म्हणाले, आणि परवानगी सर्वांनाच मिळाली. श्रम किती करावेत आणि पायांची काळजी का घ्यावी, हे दोन्ही या एका कथेत आहे.

सकाळी उठल्यावर नाडी नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी वाढलेली, झोप उडालेली, चिडचिड, जिना चढताना पाय जड, असे तीन-चार दिवस राहिले तर तार ताणली गेली असे समजावे आणि आठवडाभर नुसते चालावे.

खाणे, पाणी, बूट

पहाटे निघताना एक केळे किंवा चपातीचा तुकडा पुरतो. आल्यावर तासाभरात पोटभर खावे: पोहे आणि अंडे, वरण-भात, उसळ-भाकरी, शेंगदाणे-गूळ. महागडे डबे विकत घेण्याची गरज नाही. डबा न खाता काम करून संध्याकाळी उपाशीपोटी धावायला जाऊ नये. चढावर नेहमीपेक्षा लवकर दम लागतो, चेहरा पांढुरका दिसतो, अशांनी, विशेषतः महिलांनी, हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. रक्त कमी असताना सराव वाढवून दम वाढत नाही.

तासाभरापेक्षा जास्त वेळ बाहेर असाल तर पाणी सोबत ठेवावे, आणि उन्हात लिंबू-मीठ-साखरेचे पाणी किंवा ओआरएस. तहानेप्रमाणे प्यावे. तहान नसताना लिटरच्या लिटर साधे पाणी ढोसले तर रक्तातले मीठ घटून चक्कर, उलटी, क्वचित बेशुद्धीही येते. धावण्याआधी किंवा धावताना वेदनाशामक गोळी घेऊ नये. घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात तिचा मूत्रपिंडावर वाईट परिणाम होतो.

खर्च करायचाच असेल तर खाचदार तळाच्या बुटांवर करावा. मुरुमाड उतारावर झिजलेला तळ घसरतो. बुटाचा अंगठ्यापुढे बोटभर मोकळा असावा, नाहीतर उतरताना नखे काळी पडतात.

सांभाळून

चाळिशी ओलांडलेल्यांनी, मधुमेह, रक्तदाब, दमा असणाऱ्यांनी, किंवा घरात कमी वयात हृदयविकार झाला असेल त्यांनी डॉक्टरांना दाखवूनच चढ सुरू करावा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम फुटून अंधारी येणे, यांपैकी काहीही झाले तर तिथेच बसावे, सोबत्याला सांगावे आणि १०८ ला फोन करावा. पित्त समजून पुढे चालू नये.

पावसाळ्यात सह्याद्रीचा काळा कातळ शेवाळाने निसरडा होतो आणि धुक्यात वाट चुकते. या दिवसांत कात्रज ते सिंहगड अशा लांब डोंगरधारेवर नवख्याने जाऊ नये. विजा कडाडत असतील तर उघड्या माथ्यावरून खाली उतरावे. मार्च ते मे उन्हाआधी, आठच्या आत परतावे. एकटे न जाता दोघे-तिघे मिळून जावे आणि घरी मार्ग सांगून निघावे.

ज्यांनी अजून सुरुवातच केली नाही त्यांनी पहिला महिना शर्यतीचे नाव काढू नये. आठवड्यातून तीन दिवस, अर्धा तास, जवळच्या टेकडीवर किंवा जिन्यावर चालावे. दुसऱ्या दिवशी कामावर नेहमीसारखे उभे राहता आले, की पुढच्या आठवड्यात पाच मिनिटे वाढवावीत.