वेरूळची राणी, मुक्काम बोगमाळो

गोव्याच्या दाबोळी विमानतळावर उतरलेला माणूस सामान घेतो आणि थेट पणजी-कळंगुटच्या वाटेला लागतो. विमानतळाच्या कडेने बोगमाळोच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर नौदलाचे विमान संग्रहालय आहे, हे त्याच्या गावीही नसते. आमच्या मोरगाव-सुपे भागातले लोक नीरा, लोणंद, सातारा, कोल्हापूर करत गाडीने गोव्याला जातात. मंगेशी, शांतादुर्गा, जुने गोवे, मग किनारे आणि परतताना काजूची पाकिटे असा त्यांचा ठरलेला क्रम. त्यात संग्रहालयाला जागा नसते. ती ठेवावी असे माझे म्हणणे आहे, कारण तिथल्या आवारात एक असे प्रवासी विमान उभे आहे, ज्याने मुंबई, पुणे आणि गोवा अशा तिन्ही ठिकाणी आपली नोकरी केली.

विमानाचे नाव लॉकहीड सुपर कॉन्स्टलेशन. एअर इंडियाने आपल्या ताफ्यातल्या या विमानांना राण्यांची नावे दिली होती. बोगमाळोचे हे विमान म्हणजे ‘रानी ऑफ एलोरा’. आपण तिला वेरूळची राणी म्हणू. आता तिच्या अंगावर नौदलाचा रंग आणि ३१५ हा क्रमांक आहे.

पहिल्यांदा पाहणाऱ्याची नजर शेपटीवर अडते. इथे एकाऐवजी तीन उभी शेपटे आहेत. शोभेसाठी नव्हे, तर हँगरसाठी ती तीन झाली. एकच शेपूट ठेवायचे तर ते इतके उंच झाले असते की त्या काळच्या हँगरच्या दारातून विमान आतच गेले नसते. म्हणून एका उंच शेपटाचे काम तीन बुटक्यांत वाटून दिले. धडही आजच्या विमानांसारखे सरळ नळकांडे नाही. नाकाशी थोडे खाली झुकलेले, मध्ये फुगलेले आणि मागे पुन्हा वर उचललेले, मासोळीच्या पाठीसारखे. असे धड दिसायला देखणे, पण बनवायला महाग, कारण प्रत्येक कड्याचा घेर वेगळा. पुढच्या विमान कंपन्यांनी सरळ नळकांडे पत्करले ते हिशेब करून. पुढचे चाक लांबलचक, बारीक पायावर आहे. पंखे एवढे मोठे होते की ते जमिनीला लागू नयेत म्हणून सबंध विमानच उंच धरावे लागले.

इंजिने चार. प्रत्येकात १८ सिलिंडर, नऊ-नऊच्या दोन रांगांत गोल मांडलेले. म्हणजे एका विमानात ७२ सिलिंडर, आणि प्रत्येकाला दोन या हिशेबाने १४४ स्पार्क प्लग. गाडीचा एक प्लग काजळला की आपण रस्त्याच्या कडेला बसून डोके खाजवतो, तिथे १४४ प्लग सांभाळणाऱ्या मेकॅनिकांची काय अवस्था होत असेल! या इंजिनात आणखी एक करामत होती. धुराड्यातून वाया जाणारे तापलेले वायू तीन छोट्या टर्बाइनांवर सोडून त्यांची ताकद पुन्हा मुख्य दांड्याला जोडलेली होती. त्यामुळे तेवढ्याच पेट्रोलात पल्ला वाढला. रात्रीच्या प्रवासात खिडकीतून पाहणाऱ्याला इंजिनाच्या मागे ज्वाळा दिसत आणि नवखा प्रवासी घाबरून हवाईसुंदरीला हाक मारी. ही इंजिने नाजूकही होती. वाटेत एखादे बंद पडण्याचे प्रमाण इतके, की वैमानिक गमतीने याला तीन इंजिनांचे जगातले सर्वांत उत्तम विमान म्हणत.

एअर इंडियाच्या परदेशी उड्डाणांची सुरुवात याच घराण्यातल्या थोरल्या बहिणीने केली. ८ जून १९४८ ला ‘मलबार प्रिन्सेस’ हे साधे कॉन्स्टलेशन मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले. सुपर कॉन्स्टलेशन १९५४ पासून येऊ लागली. त्यांचा डौल फार टिकला नाही. १९६० मध्ये बोइंग ७०७ आले आणि दोन वर्षांत एअर इंडियाने पंख्याची सगळी विमाने काढून टाकली. ऐन तारुण्यात पेन्शनीत निघालेल्या या राण्यांपैकी नऊ हवाई दलाने घेतल्या.

इथे आपला पुणे जिल्हा येतो. हवाई दलाची सहा क्रमांकाची तुकडी लोहगावला होती आणि तिने ही विमाने समुद्रावरच्या टेहळणीसाठी वापरली. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या या अंगाला बसून अरबी समुद्रावर नजर ठेवायची, हे आज ऐकायला गमतीचे वाटते. पण लांब पल्ला हीच या विमानाची खासियत होती. पुढे समुद्रावरची टेहळणी हवाई दलाने करायची की नौदलाने, यावरून दिल्लीत बरीच वर्षे ओढाताण चालली. अखेर ते काम नौदलाकडे आले आणि नोव्हेंबर १९७६ मध्ये पाच सुपर कॉन्स्टलेशन गोव्याच्या आयएनएस हंसा तळावर दाखल झाली. तिथे त्यांनी १९८० नंतरही काही वर्षे काम केले. प्रवाशांना शँपेन पाजणारे विमान म्हातारपणी पाणबुड्या शोधत फिरले. इतकी तऱ्हेतऱ्हेची चाकरी केलेले दुसरे यंत्र मला तरी पटकन आठवत नाही.

या घराण्याचा विषय निघाला की ‘काश्मीर प्रिन्सेस’ला वगळून पुढे जाता येत नाही. ११ एप्रिल १९५५ ला एअर इंडियाचे हे कॉन्स्टलेशन हाँगकाँगहून इंडोनेशियाला निघाले होते. बांडुंगच्या आशियाई-आफ्रिकी परिषदेला जाणारे चिनी प्रतिनिधी आणि पत्रकार त्यात होते. चीनचे पंतप्रधान चाउ एन लाय यांना मारण्यासाठी हाँगकाँगमध्येच विमानात टाइमबाँब ठेवला गेला होता. चाउ त्या विमानात बसलेच नाहीत. समुद्रावर असताना स्फोट झाला, पंखाला आग लागली. कॅप्टन डी. के. जटार यांनी जळते विमान नातुना बेटांजवळ पाण्यावर उतरवायचा प्रयत्न केला. १९ पैकी १६ जण गेले, त्यात जटारही होते. वाचलेल्या तिघांत देखभाल अभियंता अनंत कर्णिक होते. जटार आणि कर्णिक यांच्यासह या विमानातल्या कर्मचाऱ्यांना अशोक चक्र देऊन गौरवण्यात आले, आणि कर्णिकांनी या प्रसंगावर पुस्तकही लिहिले. आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात शूरांच्या कथा पुष्कळ असतात, त्यांत जटारांची कथा मला कधी भेटली नाही. बोगमाळोच्या त्या तीन शेपटांखाली उभे राहून ती पोरांना सांगावी, याहून चांगली जागा देशात नाही.

संग्रहालय ऑक्टोबर १९९८ मध्ये सुरू झाले. आवारात बाकीची विमाने दाटीवाटीने आहेत, पण माझा जीव राणीत अडकल्यामुळे त्यांच्यावर थोडा अन्याय होणार. भारतीय नौदलाने १९५३ साली पहिल्यांदा घेतले ते पाण्यावर उतरणारे सीलँड इथे आहे. डिसेंबर १९७१ मध्ये विमानवाहू नौका विक्रांतवरून उडून कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले करणारी सी हॉक आणि अलिझे आहेत. २०१६ साली निवृत्त झालेले, जागच्या जागी उभे उतरू शकणारे सी हॅरियरही आहे. अलिझेचे पंख दुमडता येतात हे पाहायला विसरू नका. जहाजाच्या पोटात जागा कमी, म्हणून पंखाला बिजागरी.

दाबोळीची एक हकिकतही इथेच सांगतो. १८ डिसेंबर १९६१ ला आपल्या हवाई दलाने या धावपट्टीवर बाँब टाकले, तेव्हा पोर्तुगिजांची दोन प्रवासी विमाने विमानतळावर उभी होती. आपल्या वैमानिकांनी ती मुद्दाम वाचवली. रात्री अंधाराचा फायदा घेऊन, शाबूत राहिलेल्या तुकड्यावरून ती दोन्ही उडून गेली. त्यांतले एक कॉन्स्टलेशनच होते. एक कॉन्स्टलेशन दाबोळीहून पळाले आणि दुसरे दाबोळीच्या दारात कायमचे राहिले.

राणीचे एवढे कौतुक करताना मनात एक सल राहतो, तो जंबोचा.

बोइंग ७४७ हे आपल्या पिढीचे विमान. एअर इंडियाचे पहिले जंबो, ‘एम्परर अशोक’, एप्रिल १९७१ मध्ये मुंबईत उतरले. खिडक्यांभोवती बाहेरून लाल झरोक्यांची नक्षी, वर जायला आतून जिना, आणि जाहिरात काय, तर आकाशातला महाल. लांबी ७० मीटर, पंखांचा विस्तार जवळजवळ ६० मीटर. वेरूळची राणी त्याच्यापुढे उभी केली तर लांबीत निम्मी भरेल. आमच्या तालुक्यातून अमेरिकेला शिकायला गेलेली पहिली मुले सहारला याच जंबोत बसली. गावातून दोन जीप भरून माणसे त्यांना पोहोचवायला जात. जंबोच्या वाट्याला दुःखेही आली. १ जानेवारी १९७८ ला ‘एम्परर अशोक’ वांद्र्याच्या समुद्रात कोसळले आणि २१३ माणसे गेली. १९८५ मध्ये ‘कनिष्क’ बाँबने उडवले गेले, त्यात ३२९ गेली.

एअर इंडियाची शेवटची चार जंबो विमाने मुंबईला पडून होती. ती एअरसेल या अमेरिकी कंपनीला विकली गेली. २२ एप्रिल २०२४ ला ‘आग्रा’ नावाचे जंबो मुंबईहून उडाले आणि वैमानिकाने निरोपादाखल दोन्ही पंख झुलवून दाखवले. मोबाइलवर ते दृश्य लाखोंनी पाहिले, हळहळले आणि पुढच्या व्हिडिओकडे वळले. विकणाऱ्याचा दोष काढत नाही. बंद विमानाला रोजचे जागेचे भाडे लागते आणि त्याच्या इंजिनांना अन् सुट्या भागांना बाजारात दाम मिळतो. पण पन्नास वर्षांत परदेशाची वाट दाखवलेल्या विमानांपैकी एखादे तरी आपल्या मातीत ठेवावे, असे ठामपणे म्हणणारे कोणी पुढे आले नाही. लढाऊ विमान चौकातल्या चौथऱ्यावर मावते. त्याला नगरपालिकाही चालते. जंबोला मोठे मैदान आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा खर्च लागतो.

हे जमते का? ऑस्ट्रेलियात जमले. क्वीन्सलँड प्रांतात, ब्रिस्बेनपासून हजारावर किलोमीटर आत, लाँगरीच नावाचे गाव आहे. मेंढ्या, गुरे, लाल माती आणि अवर्षण. वस्ती तीन हजारांच्या आसपास. गणेश चतुर्थीला चिंचवडहून मोरया गोसावींची पालखी येते त्या दिवशी मोरगावात याच्या कितीतरी पट माणूस असतो. पण क्वांटास कंपनीने आपला पसारा सुरुवातीच्या काळात इथेच मांडला होता. त्या नात्याला जागून गावात संग्रहालय उभे राहिले आणि नोव्हेंबर २००२ मध्ये कंपनीने आपले एक जंबो, ‘सिटी ऑफ बनबरी’, तिथे पाठवले. ते स्वतः उडत आले. धावपट्टी ३० मीटर रुंद, म्हणजे जंबोच्या पंखांच्या निम्मी. तरी बिनबोभाट उतरले. आता लोक कमरेला पट्टा बांधून त्याच्या पंखावरून चालतात, पोटातली सामानाची खोली पाहतात. शेजारी बोइंग ७०७ आहे. आणि सुपर कॉन्स्टलेशनही आहे! फिलिपिन्समध्ये मनिलाच्या विमानतळावर वर्षानुवर्षे सडत पडलेले ते धूड त्यांनी उचलून आणले, दुरुस्त केले आणि क्वांटासच्या रंगात रंगवले. आणखी एक गोष्ट त्यांनी केली. पाऊस क्वचित पडणाऱ्या त्या गावात त्यांनी या विमानांवर भले मोठे छप्पर घातले.

आपल्याकडे मोठी वस्तू जपण्याचा अनुभव कडू आहे. विक्रांत मुंबईत संग्रहालय म्हणून २००१ पासून अकरा वर्षे लोकांना दाखवली, मग धोकादायक म्हणून बंद केली आणि २०१४ मध्ये भंगारात काढली. तिचे पोलाद घेऊन पुण्याच्या बजाज ऑटोने मोटारसायकल काढली. आमच्या भागात त्या गाडीवरून दूध घालणारे आहेत. विक्रांतचा अंश रोज सकाळी डेअरीच्या रांगेत उभा असतो म्हणायचे. त्यामानाने विशाखापट्टणमने बरे केले. गोव्यातूनच कामाला लागलेल्या तुपोलेव्ह-१४२ जातीचे एक विमान २०१७ साली निवृत्त होताच त्यांनी किनाऱ्यावर, तिथे आधीच जपून ठेवलेल्या पाणबुडीच्या समोर मांडले. आज ते त्या शहराचे मोठे आकर्षण आहे.

वेरूळची राणी वाचली ती कोणाच्या दूरदृष्टीने कमी आणि नौदलाने आपल्या दारात तिला राहू दिले म्हणून अधिक. पण ती उघड्यावर आहे. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि पाऊस कोकणचा. ॲल्युमिनियमला खाऱ्या हवेइतका वाईट शेजार दुसरा नाही. रंगाचा हात देऊन गंज झाकतो, थांबत नाही. नौदल, गोवा सरकार आणि तिला एकेकाळी उडवणारी, आता पुन्हा टाटांकडे आलेली एअर इंडिया यांनी मिळून तिच्यावर एक छप्पर घालावे. खर्च फार नाही. नव्या विमानाच्या एका इंजिनाच्या किमतीत अशी कितीतरी छपरे होतील. आणि बोगमाळोला जाणार असाल तर सोमवार टाळा, त्या दिवशी संग्रहालय बंद असते.