एका तबकडीची नक्कल

इ. स. १९८२ मध्ये अमेरिकेत ‘कमोडोर ६४’ नावाचा घरगुती संगणक विक्रीस आला. त्यावर कोणी खेळ रचले, कोणी पत्रे लिहिली, तर कोणी हिशेब ठेवले. हे लेखन सव्वापाच इंची चुंबकीय तबकडीवर, म्हणजे फ्लॉपीवर, साठविता येत असे. आज ती यंत्रे दुर्मीळ झाली आहेत. तबकड्याही जीर्ण होत आहेत. म्हणून आधुनिक संगणकावर एक आज्ञावली चालवितात. ती जुन्या यंत्राचे हुबेहूब सोंग घेते. तिला एम्युलेटर म्हणतात. पण सोंग घेतलेल्या ह्या यंत्रास तबकडी कोठून मिळते? ते समजण्यासाठी प्रथम खरी तबकडी पाहू.

तबकडीवर एकात एक अशी ३५ वर्तुळे कल्पिलेली असतात. त्यांस ट्रॅक म्हणतात. प्रत्येक वर्तुळाचे खण पाडलेले असतात. बाहेरची वर्तुळे मोठी, म्हणून त्यांत २१ खण मावतात. अगदी आतल्या वर्तुळांत १७ च मावतात. असे एकूण ६८३ खण होतात. प्रत्येक खणात २५६ बाइट, म्हणजे स्थूलमानाने तितकी रोमन अक्षरे, राहतात.

अठरावे वर्तुळ अनुक्रमणिकेसाठी राखून ठेवलेले असते. फाइलीचे नाव आणि तिचा पहिला खण कोठे आहे, हे तेथे कळते. पुढील खण मात्र शेजारीच असेल असे नाही. म्हणून प्रत्येक खणातील पहिले दोन बाइट पुढच्या खणाचा पत्ता सांगतात. सुट्या पानांच्या पोथीत प्रत्येक पानावर पुढचे पान कोठे ठेवले आहे हे लिहावे, तसाच हा प्रकार होय.

एम्युलेटर ह्या सर्व तबकडीची एकच फाइल करून ठेवतो. तीत ६८३ खण क्रमाने एकापुढे एक मांडलेले असतात. तिची लांबी १,७४,८४८ बाइट भरते. जुन्या आज्ञावलीने अठराव्या वर्तुळातील पहिला खण मागितला, तर एम्युलेटर आधीच्या १७ वर्तुळांचे ३५७ खण, म्हणजे ९१,३९२ बाइट, ओलांडतो आणि नेमका तोच खण तिच्यापुढे ठेवतो. तबकडी फिरत नाही, हे त्या आज्ञावलीस कळतही नाही.

फाइली तेवढ्या उतरवून घेतल्या तर चालणार नाही काय? त्याने बरेच हातचे जाईल. फाइल पुसली, तरी तबकडीवर अनुक्रमणिकेतील तिची नोंद तेवढी रद्द होते आणि तिचे खण मोकळे धरले जातात. त्यांवर नवे लेखन होईपर्यंत जुनी अक्षरे तेथेच असतात. संपूर्ण तबकडी उतरविली, तर तीही वाचतात.

मात्र हे काम वेळीच व्हावयास हवे. मधला एक खण वाचता आला नाही, तर पुढचा पत्ता हरवतो. मग पुढील खण शाबूत असूनही ते कोणत्या फाइलीचे, हे सांगणे कठीण होऊन बसते.