कर्कपेशींचे आक्रमण आणि ऊतकभेदक विकरे

अर्बुद एकाच जागी वाढत असेल तर ते बहुधा शस्त्रक्रियेने काढता येते. रोग्याच्या जिवावर बेतते ते त्याच्या पेशी शेजारच्या ऊतकांत शिरू लागल्या म्हणजे. त्यांच्या वाटेतील पहिला अडसर म्हणजे आवरणपेशींच्या थराखालील आधारपटल. चौथ्या प्रकारच्या कोलॅजेनची जाळी हा या पटलाचा कणा होय. उंदरांच्या ज्या अर्बुदपेशी शरीरात दूरवर अधिक पसरतात, त्या हे कोलॅजेनही अधिक विघटित करतात, असे लिओटा व त्यांचे सहकारी यांनी १९८० साली दाखविले.

हे विघटन घडविणाऱ्या विकरांत मेटॅलोप्रोटिनेझांचा गट प्रमुख आहे. त्यांच्या क्रियास्थानी जस्ताचा अणू असतो. मानवी शरीरात ती वीसहून अधिक आहेत. तथापि ही काही कर्करोगाची निर्मिती नव्हे. या गटातील पहिले विकर ग्रॉस व लापिएर यांना १९६२ साली आढळले ते बेडकाच्या पिलाच्या झडत्या शेपटीत! जखम भरून येताना, हाडाची घडण चालू असताना हीच विकरे राबत असतात.

हा मुद्दा पुरेसा लक्षात घेतला गेला नाही, असे म्हणणे भाग आहे. १९९० नंतरच्या दशकात जस्ताला जखडून विकराची क्रिया थांबविणारी मरिमास्टॅटसारखी औषधे रोग्यांवर अजमावण्यात आली. सांधे व स्नायू दुखू लागले. आयुष्य मात्र अपेक्षेप्रमाणे वाढले नाही. टॅनोमास्टॅट या औषधाची फुप्फुसाच्या लघुपेशी कर्करोगावरील चाचणी तर १९९९ साली थांबवावी लागली. कारण औषध घेणाऱ्यांची प्रकृती न घेणाऱ्यांपेक्षा अधिक बिघडत होती.

असे का व्हावे? एक तर बहुतेक रोग्यांत रोग आधीच पसरलेला होता. प्रवेशद्वार रोखण्याची वेळ टळून गेली होती. दुसरे कारण अधिक मूलगामी आहे. ‘आक्रमण’ या शब्दामुळे हत्यार आक्रमकाच्याच हाती असल्याचा भास होतो. वस्तुतः यांतील बरीचशी विकरे अर्बुदाभोवतालच्या निरोगी पेशी, तंतुपेशी आणि श्वेतपेशी, निर्माण करतात. विकरे रोखली तरी काही कर्कपेशी अमीबाप्रमाणे आकार बदलून तंतूंच्या फटींतून सरकतात, हे २००३ साली प्रयोगशाळेत दिसून आले. त्याच वर्षी आठव्या क्रमांकाच्या मेटॅलोप्रोटिनेझाचा अभाव असलेल्या नर उंदरांत त्वचेची अर्बुदे अधिक प्रमाणात आढळली. म्हणजे सर्वांना सरसकट रोखणाऱ्या औषधांनी रक्षक विकरेही निकामी होत असावीत.