चारशेचा आकडा

उन्हाळा लागला की सावद्याच्या बाजारात गॉगल दिसू लागतात. त्यातल्या काहींवर ‘यूव्ही ४००’ असे बारीक स्टिकर असते. हाच आकडा पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या एका दुर्बिणीचाही आहे.

तिचे नाव ‘सूट’. पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेच्या पुढाकाराने ती तयार झाली, २ सप्टेंबर २०२३ रोजी ‘आदित्य-एल१’ यानातून निघाली आणि ६ जानेवारी २०२४ रोजी यान ठरल्या कक्षेत पोहोचले. यान सूर्याजवळ गेले, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ते सूर्याच्या वाटेवर जेमतेम शंभरावा भाग गेले आहे. पण तिथून सूर्य चोवीस तास दिसतो.

‘सूट’ २०० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश टिपते. त्यासाठी इतक्या लांब जायचे कारण, जमिनीवरून हे पूर्ण चित्र मिळतच नाही. २८०च्या खालचे किरण वातावरणातला ऑक्सिजन आणि ओझोन अडवतात; २८० ते ३१५ मधले बहुतेक ओझोनमध्येच अडकतात; त्यापुढचे मात्र बरेचसे खाली येतात. खगोलशास्त्रज्ञांची ही अडचण म्हणजे आपले छत्र. गंमत म्हणजे हा ओझोन बनतो तोही सूर्याच्या अतिनील किरणांमुळेच. सूर्याच्या सुमारे ११ वर्षांच्या चक्रात हे किरण कमीजास्त होतात, म्हणून त्यांच्यावर सतत नजर हवी.

जे किरण खाली उतरतात, ते आम्हा डॉक्टरांचा विषय. त्यातल्याच काहींमुळे त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते. पण वर्षानुवर्षे डोळ्यांवर पडत राहिले तर ते मोतीबिंदूला हातभार लावतात आणि बुबुळावर मांस चढते, त्याला टेरिजियम म्हणतात. केळीच्या बागेत निदान पानांची सावली असते. कापूस वेचणाऱ्या बाईला तीही नाही.

खरी पंचाईत अशी, की अतिनील किरण जाणवत नाहीत. खानदेशी माणूस ऊन ओळखतो ते चटक्यावरून. वैशाखात तो आपणहून झाडाखाली बसतो; पण वेचणीच्या दिवसांत हवा गार असते, मग भर दुपारीही कोणी आडोसा शोधत नाही. डोक्याला रुमाल असतो, डोळे उघडेच.

गॉगल घेताना काचेच्या काळेपणावर जाऊ नका. काच गडद असली म्हणजे अतिनील किरण अडतात असे नाही. उलट अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि न अडलेले किरण जास्त आत जातात. ‘यूव्ही ४००’ची पांढरी काच त्यापेक्षा बरी. स्टिकर कोणीही छापू शकतो, पण चष्म्याच्या बऱ्याच दुकानांत हे तपासायचे छोटे यंत्र असते. तपासून मागा. सोबत पुढे काठ असलेली टोपी हवीच, कारण किरण गॉगलच्या वरून आणि बाजूनेही शिरतात.

हा गॉगल लावून सूर्याकडे मात्र पाहू नये. २ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास ग्रहण आहे, पावसाळी ढगांनी दया केली तर दिसेलही. डोळ्याचा पडदा भाजतो तो मुख्यतः दिसणाऱ्या प्रकाशाने, आणि तो ४००च्या पलीकडे सुरू होतो.