पुष्पजलाचा फवारा आणि कोरडी त्वचा
ज्या वसईच्या वाड्यांमधून मोगरा व सोनचाफा पहाटेच्या लोकलने दादरच्या फूलबाजारात रवाना होतात, त्या मुलखात चेहऱ्यावर पुष्पजल फवारण्याची हौस असावी यात नवल नाही. मात्र निव्वळ पाण्याचे तुषार बाष्परूपाने उडून जात असल्यामुळे, ग्लिसरीन वा कोरफडीच्या गरासारखे आर्द्रता धरून ठेवणारे द्रव्य त्यात नसेल आणि त्वचा ओलसर असतानाच वर स्निग्ध मलमाचा हलका थर दिला नसेल, तर घटकाभराच्या गारव्यापलीकडे पदरात फारसे काही पडत नाही. नाजूक त्वचेच्या माणसाने सुगंधाविषयी, मग तो अस्सल मोगऱ्याचा का असेना, सावधच असावे, कारण दाह व खाज यांचे मूळ पुष्कळदा सुवासिक तेलांतच असते. सबब नवी बाटली प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस काही दिवस लावून पाहावी. घरचे गुलाबपाणी लवकर नासते, म्हणून बेताचेच करून फ्रिजमध्ये ठेवावे.