होडीचे यंत्र जाम झाल्यास

नारळी पौर्णिमेनंतर गोव्याच्या किनाऱ्यावर होड्या पुन्हा पाण्यात उतरू लागतात. पावसाळाभर झाकून ठेवलेली आउटबोर्ड मोटर अशा वेळी पुष्कळदा दोरी ओढूनही हलत नाही. मग दोघे-तिघे मिळून दोरीला हिसके देतात. क्वचित हातोडीही चालविली जाते. या घाईत दुरुस्त होण्याजोगे यंत्र कायमचे निकामी होते. म्हणून यंत्र कशामुळे अडले, हे आधी शोधणे अगत्याचे आहे.

प्रथम इंधनाची नळी सोडवावी आणि गियर न्यूट्रलमध्ये आहे याची खात्री करावी. गियर लागलेला असताना दोरी ओढली जाऊ नये, अशी योजना अनेक यंत्रांत असते. पंख्याभोवती जाळ्याचा दोरा गुंडाळलेला असल्यास तो कापून काढावा. नंतर दोरीची चकती उतरवून फ्लायव्हील हाताने फिरवून पाहावे. ते फिरले, तर दोष केवळ दोरीच्या यंत्रणेत आहे असे समजावे.

फ्लायव्हील न फिरल्यास सर्व स्पार्क प्लग काढावेत. पाणी दाबले जात नसल्यामुळे सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी पिस्टनला अडवून धरते. प्लग काढल्यावर ते बाहेर पडून यंत्र मोकळे होऊ शकते. हे पाणी खारे असेल, तर त्याच दिवशी यंत्र कारागिराकडे न्यावे; विलंब झाल्यास आतील बेअरिंगांना गंज चढतो.

प्लग काढूनही यंत्र अडलेलेच असेल, तर गंजाचा संभव असतो. अशा वेळी टू-स्ट्रोक यंत्र प्लगची भोके वर येतील असे आडवे ठेवून प्रत्येक भोकातून गंज सोडविणारे पातळ तेल घालावे व ते एक-दोन दिवस मुरू द्यावे. नंतर फ्लायव्हीलच्या नटाला पाना लावून, यंत्र ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने हलका जोर द्यावा. न हलल्यास पुन्हा तेल घालून थांबावे. फ्लायव्हीलवर हातोडी मारू नये किंवा त्याच्या दात्यांत पहार अडकवू नये.

चालता चालता यंत्र तापून थांबले असेल, तर प्रकार अधिक गंभीर होय. तेलाच्या किंवा थंड पाण्याच्या अभावी पिस्टनचे ॲल्युमिनियम सिलिंडरच्या भिंतीला घासून चिकटते. असे यंत्र थंड झाल्यावर कधी कधी आपोआप सुटते, आणि येथेच फसगत होते. आतील ओरखडे तसेच राहतात व यंत्र पुन्हा अडू शकते. नदीच्या मुखाशी, वारा आणि लाटा यांच्या कचाट्यात ते बंद पडले, तर होडी खडकावर जाण्याचे भय असते. म्हणून सिलिंडर उघडून तपासल्याखेरीज असे यंत्र समुद्रात नेऊ नये.

हा प्रसंग टाळणे मात्र अवघड नाही. टू-स्ट्रोक यंत्रात तेलाचे प्रमाण पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे; ५० भागांस १ असे सांगितले असल्यास १ लिटर इंधनात २० मिलीलिटर तेल पडते. यंत्रातून बाहेर पडणारी पाण्याची धार थांबताच यंत्र बंद करावे. समुद्रातून परतल्यावर यंत्र गोड्या पाण्याने धुवावे आणि पावसाळ्यापूर्वी सिलिंडरमध्ये थोडे तेल घालून ते हाताने फिरवून ठेवावे. एवढ्या दक्षतेने यंत्र वाचते, आणि त्याच्या भरवशावर समुद्रात जाणारी माणसेही सुखरूप घरी परततात.